ओपीचा रकाना

६ जानेवारी, सोमवार

कंपनीनं नव्या वर्षाची डायरी दिली. पहिल्या पानावर मालकाचा फोटो. ते पान फाडलं आणि आजपासून लिहायला घेतलं. फौजेत सव्वीस वर्षं रोजचं रोज लिहायची सवय होती, घरी आल्यावर सुटली. आता पुन्हा लिहितो, कारण इथं ज्याच्याशी बोलावं तो कानात बोंडं घालून बसलेला असतो.

ही शेंद्र्याच्या एमआयडीसीतली वीस-बावीस पोरांची कंपनी. तोफखान्याच्या नव्या अधिकाऱ्यांसाठी कॉम्प्युटरवरची लढाई बनवतात. कुठल्या तोफेनं कुठं मारा करायचा, कुणाला किती गोळे द्यायचे, कुणाला मागं बोलवायचं, हे त्यांचा प्रोग्राम ठरवतो आणि पोराला दाखवतो, की बघ, असं करायचं असतं. मी सल्लागार. म्हणजे मालक बद्रीनाथ सर पाहुण्यांना सांगतात, "आमच्याकडं असली फौजी माणूस आहे," आणि मी उठून नमस्कार करतो. कापडाच्या दुकानातला पुतळा बरा, त्याला उठबस तरी नसते.

आज पहिल्यांदा कामाचं काम केलं. श्रेया म्हणून पोरगी आहे, प्रोग्राम तिनंच लिहिलाय. तक्ता घेऊन आली. "काका, एकेक गोष्ट गेली तर आपलं किती नुकसान, शत्रूची गेली तर त्याचं किती, ते शून्य ते शंभरमध्ये लिहा. प्रोग्राम कमीत कमी नुकसान बघून ठरवतो." तोफ साठ. पूल चाळीस. गाडी पंधरा. वायरलेस सेट आठ. गोळा एक. शत्रूची तोफ पन्नास, शत्रूचा माणूस पाच. शेवटची ओळ होती 'आपली माणसं'. ती कोरी सोडली.

"ही राहिली का काका?"

"राहिली नाय. मुद्दाम सोडली."

तिनं मान हलवली आणि खाली माझी सही घेतली.

आता त्या पोरीला काय सांगणार. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. आपल्या वाड्यातली मेंढरं आम्ही मोजत नाही. कुणी विचारलं किती आहेत, तर आमचा म्हातारा म्हणायचा, "हायेत देवाच्या दयेनं." आकडा तोंडातून काढला की उतरती कळा लागते. संध्याकाळी जाळी लावताना नुसती नजर फिरवायची, एक जरी कमी असलं तरी कळतं. मोजतो तो विकत घेणारा. आपल्या जिवाला आकडा लावत नाहीत, मेंढरू असो की माणूस.

दुपारी कडुबाचा फोन आला होता. धाकटा भाऊ, अजून मेंढरांमागं फिरतो, सध्या करमाडच्या बाजूला आहे. मीटिंगमध्ये होतो, घेतला नाही. घरचंच माणूस, केव्हाही करता येतो.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

श्रेयानं तिळगूळ दिला आणि म्हणाली, गोड बोला. तिळगूळ तोंडात होता तोवर बोललो.

मग पहिली लढाई दाखवली. आमच्या सहा तोफा मागं, डोंगराच्या आडोशाला. त्यांना पुढचं काही दिसत नाही. म्हणून पुढं टेकडीवर चार माणसं बसवतात, त्याला ओपी म्हणतात. ते दुर्बिणीतून बघतात, गोळा कुठं पडला ते वायरलेसवर सांगतात, दोनशे उजवीकडं, शंभर मागं. तोफखान्याचे डोळे म्हणजे ही चार माणसं. मी अकरा वर्षं ओपीवर वायरलेस सांभाळला आहे, मला कुणी शिकवू नये.

तर स्क्रीनवरच्या ओपीनं शत्रूच्या चार तोफा शोधून दिल्या. एकदम झकास. मग शत्रूचं पायदळ टेकडीला वेढा घालायला लागलं. ओपीनं मदत मागितली, टेकडीच्या पायथ्याला चाळीस गोळे द्या, आम्ही निघतो. प्रोग्रामनं गोळे दिले नाहीत. गाडीही दिली नाही. ते चाळीस गोळे शत्रूच्या ताब्यातल्या एका पुलावर टाकले. कोपऱ्यात बारीक अक्षरात आलं, 'ओपी नष्ट. माणसांचं नुकसान शून्य.'

शून्य! चार माणसं गेली आणि नुकसान शून्य. मी टेबलावर हात आपटला तर पोरांनी कानातली बोंडं काढली. म्हणलं, बरं झालं, एकदाची निघाली.

श्रेया म्हणाली, "काका, प्रोग्रामला जे सांगितलंय तेच तो करतो." हे इथल्या प्रत्येकाचं पेटंट उत्तर. बँकेतला बाबू पण असंच म्हणतो, सिस्टीममध्ये आहे साहेब, मी काय करू.

२१ जानेवारी, मंगळवार

आज तर कमालच झाली. मी आठवडाभर तकरार केली म्हणून लढाई दुसऱ्या नकाशावर लावली. ओपीनं मदत मागितली. या वेळी प्रोग्रामनं गाडी पाठवली. मी खुर्ची पुढं ओढून बसलो. म्हणलं, आली बाबा अक्कल. गाडी टेकडीपर्यंत गेली, वायरलेस सेट भरला आणि माघारी आली. माणसं तिथंच.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. सेट आणला, चार माणसं टेकडीवर ठेवली.

मी श्रेयाला नको ते बोललो. "तुमच्या घरात कुणी वर्दी घातलीय का? माणसापेक्षा डबा महाग झाला व्हय तुला?" तिचे वडील पिंप्रीचे, शेती करतात, ती रोज एसटीनं येते-जाते. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण हटली नाही. म्हणाली, "काका, तुमचा तक्ता आपण एकदा परत बघू या का?"

"तक्ता बघायचा नाय. तक्ता माझा आहे. त्यावर माझी सही आहे. तू तुझा प्रोग्राम बघ."

चौदा फेब्रुवारीला सरावाच्या शाळेतले साहेब लोक बघायला येणार. त्यांनी पसंत केलं की दरसाल शे-दोनशे पोरं यावर शिकणार. बावीस वर्षांचा लेफ्टनंट हे शिकून जाईल, की ओपीनं काम केलं की त्याला विसरायचं, सेट तेवढा मागं आणायचा. मी जिवंत असेपर्यंत हे होऊ देणार नाही.

कडुबाचा फोन आला तेव्हा हेच चाललं होतं. कट केला.

२३ जानेवारी, गुरुवार

काल जेवताना बानाबाईला सगळं सांगितलं. ती माझी बायको, पण ऐकताना सासूसारखी ऐकते. म्हणाली, "आवं, त्या येळंचं आठवतंय ना तुमाला म्हणून येवढं चिडता."

आठवणार नाही तर काय. मी आणि अप्पाराव, लातूरकडचा गडी. काश्मिरात एका उंच टेकाडावर ओपीला बसलो होतो. खाली आमची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, बदलली, जुनी गेली, नवी आली. जुनीला वाटलं, यांना नवी जेवण देईल. नवीला वाटलं, हे जुनीचे. दोन्ही याद्यांत आम्ही नाही. अकरा दिवस बर्फ वितळवून प्यायलो आणि शक्करपारे मोजून खाल्ले, रोज तीन. रोज वायरलेसवर बोलायचो, ते लोक आमच्याकडून गोळ्यांचा हिशोब बरोबर घ्यायचे, पण जेवलात का म्हणून कुणी विचारलं नाही. खाली आल्यावर सुभेदार म्हणाला, "अरे, तुम तो अपने ही आदमी हो, तुम्हारा क्या गिनना." हसला वर. अप्पारावानं त्याची गचांडी धरली होती. मी सोडवली. आज वाटतं उगाच सोडवली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी गारखेड्यात झेंडावंदन. कॉलनीतले लोक मला पुढं उभं करतात, हे मात्र आवडतं.

दुपारी पोरीच्या, दिपालीच्या लग्नाची यादी काढली. दोन मार्चला लग्न. चारशे बारा घरं. पत्रिकेच्या पाकिटावर प्रत्येकाचं नाव मी स्वतः लिहिणार, कारण छापील चिठ्ठ्या चिकटवल्या की माणसाला वाटतं आपण गठ्ठ्यातले. कॉलनी, कंपनी, फौजेतले, सोयरे. कंपनीतल्या चहावाल्याला पण धरलंय.

बानाबाईनं यादी वाचून घेतली. म्हणाली, "कडुबा भाऊजी नाय यात."

"त्याला कसली पत्रिका? घरचाच की."

"घरच्याला कुंकवाचं बोट नको व्हय?"

"तो चुलता आहे पोरीचा. तो काय पाहुणा आहे का यादीत धरायला?"

तिनं यादी माझ्याकडं सरकवली आणि भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच होता. म्हणाली, "आज बी दोन येळा फोन आला त्यांचा. तुमी झेंड्याला गेलते. मला म्हणले, दादालाच बोलायचंय."

उद्या करतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

केला नाही. आठवडाभर बद्रीनाथ सरांच्या मागं लागलोय. ते एकच ऐकवतात, "सुभेदार साहेब, लढाई जिंकतोय ना आपण? वेळ कमी लागतोय, गोळे कमी लागताहेत. साहेब लोकांना हेच बघायचंय." मी नायब सुभेदार होतो. एका महिन्यात यांनी बढती देऊन टाकली.

म्हणलं, "सर, चौदा तारखेला मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगणार, की हा प्रोग्राम माणसं मारतो."

तोंडावरचं हसू गेलं त्यांच्या. "मग आधी मला सांगा, का मारतो. पुराव्यानिशी सांगा. नुसतं ओरडून चालत नाही."

जिन्यात होतो तेव्हा कडुबाचा फोन वाजला. रागाच्या भरात उचललाच नाही. सांगणार काय होता, मेंढरू व्यालं की लांडगा आला. त्याचं तेच असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

श्रेया सकाळी आली. हातात कागद, माझा तक्ता. म्हणाली, "काका, मला शिव्या द्या, पण आज हे बघाच." तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. आपली माणसं. पुढं कोरं.

"कोऱ्या रकान्याला प्रोग्राम शून्य धरतो," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. म्हणलं, मग ते तोफेवरचे का नाही मरत? ती हळू आवाजात म्हणाली, "तोफेला तुम्ही साठ दिलेत. प्रोग्राम तोफ वाचवतो, म्हणून तोफेवरची माणसं वाचतात. गाडीतली गाडीमुळं. ओपीजवळ आठचा सेट सोडला तर माणसंच आहेत नुसती."

म्हणजे मीच. जानेवारीपासून आजपर्यंत जेवढ्या वेळा ती टेकडी पडली, तेवढ्या वेळा माझ्या सहीनं पडली. शत्रूच्या माणसाला मी पाच दिले आणि आपल्या माणसाला काहीच नाही.

"तू आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही म्हणालात मुद्दाम सोडलंय. मला वाटलं, फौजेत असंच असेल. माणसाचं नुकसान धरत नसतील."

तिला खरंच असं वाटलं होतं. एका सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाबद्दल तिला महिनाभर असं वाटत होतं आणि तरी ती मला काका म्हणत होती, सकाळी चहा विचारत होती. मी तिला मेंढरांचं सांगितलं, की आम्ही का मोजत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, यंत्राला ते कसं कळणार?"

यंत्राचं राहू दे. तुला सुद्धा कुठं कळलं, पोरी. आणि तुझा काय दोष, मी सांगितलंच नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वाटलं, आता सोपं आहे. शंभर लिहिले. आपली माणसं, शंभर. सही ठोकली.

लढाई लावली तर ओपी पुढं गेलाच नाही. टेकडी रिकामी. प्रोग्रामनं चारही माणसं तोफांच्या मागं बसवून ठेवली, शंभराचा माल कोण धोक्यात घालतो. तोफा आंधळ्या गोळे टाकत बसल्या. अडीच तासांत सगळे गोळे संपले, शत्रू तोफांपर्यंत आला आणि सहाच्या सहा तोफा माणसांसकट गेल्या. चार जण वाचवायला गेलो, चाळीस गेले.

"आकडा कमी करावा लागेल," श्रेया म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती.

ऐंशी केले. गेले नाहीत. साठ केले. टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले आणि परत आले. प्रत्येक वेळी ती विचारणार, काका किती, आणि प्रत्येक वेळी मी उतरवणार. जनावराच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव उतरवतात, तसं वाटत होतं. फरक इतकाच, की दोन्ही हात माझेच.

पाणी प्यायला बाहेर गेलो आणि नळाशी उभं राहून त्या प्रोग्रामला, त्या कंपनीला, त्या तक्त्याला आणि स्वतःला मनातल्या मनात आयमाय एक करून शिव्या दिल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

पस्तीस.

पस्तीसला ओपी पुढं जातो, काम करतो, मदत मागितली की गोळे मिळतात, गाडी मिळते. दहापैकी आठ वेळा चौघं परत येतात. लढाई अठरा मिनिटं जास्त चालते आणि दीडशे गोळे जास्त लागतात. दहापैकी दोन वेळा परत येत नाहीत. त्या दोन वेळा काही करता येत नाही, श्रेयानं तीन दिवस जिवाचं रान केलं.

मी सही केली. मी आणि अप्पाराव, पस्तीस-पस्तीस. तोफ साठ. काश्मिरात आमच्यासाठी कुणी एवढा तरी आकडा लिहिला असता, तर रोज चार शक्करपारे खाल्ले असते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब लोक आले, बघितलं, पसंत केलं. एका मेजरनं विचारलं, ओपी वाचवायला एवढे गोळे का खर्च करता. मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं, का ते. दहा मिनिटं बोललो. बद्रीनाथ सर घाम पुसत होते. मेजर शेवटी म्हणाला, "ठीक है साहब, रहने दो." राहिलं.

श्रेयानं पेढा दिला. मी तिला पत्रिका दिली, आईवडिलांच्या नावानं, कुंकू लावून. म्हणलं, सगळे या. ती म्हणाली, "काका, आज पहिल्यांदा तुम्ही हसलात." खोटं आहे, पण बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मनावरचं ओझं उतरलं होतं म्हणून म्हणलं, चला, कडुबाला भेटून येऊ. बानाबाईनं एक पत्रिका पिशवीत टाकली, कुंकवाची डबी टाकली. मोटारसायकलनं करमाडच्या पुढं गेलो. कापूस उपटलेलं रान होतं, त्यात वाडा बसलेला.

लांबूनच दिसलं, मेंढरांच्या पाठीवर निळे पट्टे. प्रत्येकीच्या. एक पांढऱ्या शर्टवाला माणूस वहीत लिहीत होता. कडुबा दगडावर बसून होता, डोक्याचा पटका मांडीवर. मला बघून उठला.

"दोनशे चौदा हायेत," तो म्हणाला.

मी विचारलं नव्हतं. आमच्या घरात मेंढरांचा आकडा मी जन्मात ऐकला नव्हता.

"मोजलीस?"

"इकायची तर मोजावं लागतंय, दादा. उद्या गाडी येती. पारूच्या गुडघ्यानं चालवत नाय आता. जिथं बसायचो तिथं सगळे प्लॉट पाडले. दोघांच्यानं व्हत नाय."

"मला विचारायचं होतंस."

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. "सात येळा फोन केला," तो म्हणाला. "म्हणलं, दादा नको म्हणला तर नाय इकायची. तेवढंच इचारायचं व्हतं. मग परवा इसार घेतला."

मी पिशवीतून पत्रिका काढली. दुसरं काय करणार होतो. तिच्यावर नाव नव्हतं. चारशे बारा नावं मी हातानं लिहिली, ही कोरीच राहिली होती. त्या वहीवाल्याकडून पेन मागून घेतला, मोटारसायकलच्या सीटवर पाकीट ठेवलं आणि लिहिलं, चि. कडुबा आणि सौ. पारूबाई, सहकुटुंब. पेन नीट उमटेना, दोनदा गिरवावं लागलं. कुंकवाचं बोट लावलं. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि पटक्यात खोचलं. त्याला वाचता येत नाही. मला वाटतं त्याला कोरी दिली असती तरी त्यानं अशीच कपाळाला लावली असती, आणि हे मला सहन होत नाही.

निघताना एक मेंढी पायाशी येऊन उभी राहिली. तरणी, काळ्या तोंडाची. तिच्या पाठीवर पट्टा नव्हता. वहीवाला म्हणाला, "ये रह गई शायद."

कडुबानं तिच्या गळ्यात दोरी बांधली आणि दोरी माझ्या हातात दिली. "राहिली नाय. ती दिपीची हाय, लग्नात द्यायची व्हती. आता वाडाच नाय तर ठिवू कुठं, आजच घेऊन जा." मग त्या माणसाकडं वळून म्हणाला, "ती घरची हाय. ती मोजली नाय."

टेम्पो करून आणली. जिन्याखाली बांधलीय. कळपातनं तोडलेलं मेंढरू दोन-दोन दिवस ओरडतं, गारखेड्यातल्या माणसांना हे माहीत नाही. वरच्या मजल्यावरचे खाली येऊन विचारून गेले, हे किती वेळ चालणार. म्हणलं, ओरडू द्या तिला.